दिसलेली क्षमता तोंडावर सांगावी का, आणि सांगायची तर कशी?

१ मे रोजी निकाल लागला की सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील घराघरांत प्राथमिक शाळेचे प्रगतीपत्रक येते. श्रेणी पाहून झाल्यावर पालकांची नजर वर्णनात्मक नोंदींकडे वळते. तेथे ‘विशेष प्रगती’, ‘आवड, छंद’ आणि ‘सुधारणा आवश्यक’ असे रकाने असतात, आणि त्यांत ‘उपक्रमात सहभाग घेतो’, ‘चित्रे काढायला आवडतात’, ‘गणिताचा सराव करावा’ अशी वाक्ये लिहिलेली असतात. शेजारच्या मुलाचे पत्रक पाहिले तर पुष्कळदा हीच वाक्ये तेथेही सापडतात. शिक्षकांवर कागदपत्रांचा भार इतका असतो की तयार नोंदींच्या यादीतून वाक्ये उतरवली जातात, आणि त्याचा दोष एकट्या शिक्षकाला देणे मला योग्य वाटत नाही. तरीही वर्षभर एका मुलाकडे पाहणाऱ्या माणसाने, त्या मुलात आपल्याला काय दिसले हे लिहिण्याची ती अधिकृत जागा आहे, आणि ती जागा बहुधा वाया जाते.

घरी तरी काय होते? ‘तोंडावर कौतुक करू नये’, ‘दृष्ट लागते’, ‘हरभऱ्याच्या झाडावर चढवू नका’ हे ऐकतच आपण मोठे झालो. दुसऱ्याच्या अंगी असलेले गुण आपण त्याच्या माघारी मोकळेपणाने बोलतो, आणि ज्याच्याविषयी बोलतो त्यालाच ते कळत नाहीत. अशी दिसलेली क्षमता त्या माणसाला सांगितल्याने खरोखर काही फरक पडतो का, याचा गेली अनेक दशके अभ्यास झाला आहे. त्याचे निष्कर्ष उत्साह वाढवणारे आहेत, आणि सावध करणारेही आहेत.

क्षमता म्हणजे नेमके काय?

क्षमता म्हणजे आज हातून न झालेली, परंतु अनुकूल परिस्थिती मिळाल्यास होऊ शकेल अशी गोष्ट. ती दिसते कशी आणि घडते कशी, हे तासगावच्या कोणत्याही द्राक्षबागायतदाराला समजावून सांगण्याची गरज नाही. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी झाल्यावर वेलीवर नव्या काड्या येतात आणि त्या काड्यांच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचे घड अतिसूक्ष्म रूपात तयार होऊ लागतात. बाहेरून डोळा डोळ्यासारखाच दिसतो. फळछाटणीपूर्वी काडीचे डोळे सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घेतले जातात आणि घड कोणत्या डोळ्यात आहे हे पाहून काडी कोठे कापायची ते ठरते. यात दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. आत असलेला घड उघड्या डोळ्यांना दिसत नाही, तो पाहण्यासाठी मुद्दाम पाहावे लागते. आणि घड होणार की नाही हे जन्मतः ठरलेले नसते, त्या काळात वेलीला मिळालेले ऊन, पाणी आणि अन्नद्रव्ये यांवर ते अवलंबून असते.

माणसाच्या क्षमतेविषयी आपण या दोन्ही बाबतींत चूक करतो. आपण घड दिसल्यावरच वेल चांगली म्हणतो, आणि घड न दिसल्यास वेलीचीच जात हलकी ठरवतो.

दुसऱ्याच्या अपेक्षेने माणूस बदलतो का?

समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९४८ साली ‘स्वतःच खरे ठरणारे भाकीत’ ही संकल्पना मांडली. एखादी समजूत सुरुवातीला खोटी असली, तरी ती खरी मानून लोक जसे वागतात त्या वागण्यामुळेच ती पुढे खरी ठरते, असा तिचा अर्थ. बँक बुडणार अशी अफवा पसरली की सारे ठेवीदार पैसे काढायला धावतात आणि धडधाकट बँक खरोखरच बुडते.

ही संकल्पना वर्गात तपासून पाहण्याचे काम रॉबर्ट रोझेंथल आणि लेनोर जेकबसन यांनी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातल्या एका प्राथमिक शाळेत केले आणि १९६८ साली त्याचे निष्कर्ष पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. मुलांची चाचणी घेऊन शिक्षकांना प्रत्येक वर्गातील सुमारे २० टक्के मुलांची नावे देण्यात आली आणि ही मुले येत्या वर्षात झपाट्याने पुढे जातील असे सांगण्यात आले. प्रत्यक्षात ती नावे केवळ चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडलेली होती. वर्षअखेरीस पहिली आणि दुसरीतील त्या मुलांची बुद्धिमत्ता चाचणीतील वाढ इतरांपेक्षा ठळकपणे अधिक निघाली, वरच्या इयत्तांत मात्र तसा फरक स्पष्ट दिसला नाही.

या प्रयोगाविषयी बोलताना एक तपशील बहुतेक वेळा सुटतो. मुलांना स्वतःला काहीच सांगितलेले नव्हते. जे काही पोहोचले ते शिक्षकांच्या वागण्यातून पोहोचले. रोझेंथल यांनी पुढे त्याच्या चार वाटा सांगितल्या: अशा मुलांशी शिक्षक अधिक जिव्हाळ्याने वागतात, त्यांना अधिक आणि अवघड गोष्टी शिकवतात, उत्तर देण्याची संधी व त्यासाठी लागणारा अवधी अधिक देतात, आणि त्यांच्या कामाविषयी अधिक नेमकेपणाने बोलतात. म्हणजे अपेक्षा मनात असली तरी ती वागण्यातून बाहेर पडते, आणि मुलांना ती कळते.

या प्रयोगावर कठोर टीकाही झाली. वापरलेली चाचणी लहान मुलांसाठी पुरेशी विश्वसनीय नव्हती, हा त्यातला प्रमुख आक्षेप. पुढे १९८४ साली स्टीफन रॉडेनबुश यांनी अशा अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा शिक्षक मुलांना दोन आठवड्यांहून अधिक काळ ओळखत असतील तर बाहेरून सांगितलेल्या भाकिताचा परिणाम जवळजवळ नाहीसा होतो, असे दिसून आले. आपण स्वतः पाहिलेल्या मुलाविषयी परक्याचे प्रमाणपत्र कोणी सहजासहजी मानत नाही. एकंदरीत पाहता अपेक्षेचा परिणाम खरा आहे, पण तो सामान्यतः लहान असतो, आणि ज्यांना समाज आधीच कमी लेखतो त्यांच्या बाबतीत तो मोठा असू शकतो. ‘तुम्ही विश्वास ठेवा, मूल काहीही होईल’ असे व्याख्यानांतून सांगितले जाते, तेवढे या अभ्यासांतून निघत नाही.

मग तोंडाने सांगण्याला किती वजन आहे?

‘हे मला जमेल’ हा विश्वास माणसात कोठून येतो, याचे चार उगम मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ साली मांडले. स्वतः केलेल्या कामात मिळालेले यश, आपल्यासारख्या दुसऱ्या कोणाला ते जमलेले पाहणे, इतरांनी शब्दांनी दिलेला भरवसा, आणि त्या वेळची शरीराची व मनाची अवस्था, असे ते चार उगम. यांत सर्वांत बळकट पहिला, कारण हातून झालेली गोष्ट कोणी नाकारू शकत नाही. शब्दांचा भरवसा त्यामानाने दुबळा असतो, आणि प्रत्यक्ष काम करताना अपयश आले की तो लवकर विरतो.

दुबळा असला तरी तो निरुपयोगी नाही, आणि त्यातही सांगण्याच्या रीतीने फार फरक पडतो. १९७५ साली शिकागोतील पाचवीच्या वर्गांवर झालेल्या एका प्रयोगात काही मुलांना ‘वर्ग स्वच्छ ठेवला पाहिजे’ असे वारंवार बजावण्यात आले, तर काहींना ‘तुमचा वर्ग स्वच्छता राखणारा आहे’ असे सांगण्यात आले. उपदेश ऐकलेली मुले थोडे दिवस सुधारली आणि पुन्हा पूर्ववत झाली. ज्यांना ‘तुम्ही असे आहात’ म्हटले गेले, त्यांची सवय मात्र टिकली. ‘सुधारणा आवश्यक’ या रकान्यातील उपदेश वर्षानुवर्षे का विरून जातो, याचे निदान काही अंशी तरी उत्तर येथे मिळते.

मात्र ‘तुम्ही असे आहात’ हे वाक्य उलटही पडू शकते. क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, कोडी सोडवल्यावर काही मुलांना ‘तू हुशार आहेस’ आणि काहींना ‘तू चांगली मेहनत घेतलीस’ असे सांगण्यात आले. हुशार म्हटलेली मुले पुढे सोपी कामे निवडू लागली, अवघड कोड्यांत अडल्यावर खचली, आणि आपले गुण खोटे वाढवून सांगण्याचे प्रमाणही त्यांच्यात अधिक निघाले. हुशारीची पदवी एकदा मिळाली की ती सांभाळणे हेच काम होऊन बसते. म्हणून ‘तू हुशार आहेस’ या वाक्याऐवजी ‘उदाहरण चुकल्यावर तू दुसऱ्या रीतीने करून पाहिलेस, हे मी पाहिले’ हे वाक्य अधिक उपयोगाचे. त्यात मुलाला पुन्हा करता येईल अशी कृती आहे.

शब्दामागे काय ठेवावे लागते

माझ्या मते या साऱ्या विषयाचे मर्म येथे आहे. आपल्या भागातील ज्या घटना आपण अभिमानाने सांगतो, त्यांत ‘तुझ्यात दम आहे’ एवढे म्हणून कोणी थांबलेले नाही.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकत होते. अंगाने बारीक दिसणाऱ्या या मुलाला महाविद्यालयीन स्पर्धेत उतरू द्यायला क्रीडाशिक्षक तयार नव्हते आणि प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर यांनी त्याला संधी दिली, असे सांगितले जाते. खाशाबा १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे उभे राहीनात तेव्हा खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले. खाशाबा कांस्यपदक घेऊन परतले, आणि ते स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले. खर्डेकरांनी त्यांना काय शब्द सांगितले असतील हे आपल्याला ठाऊक नाही, पण घर गहाण ठेवणाऱ्या माणसाच्या विश्वासाविषयी ऐकणाऱ्याच्या मनात शंका राहण्याचे कारण नव्हते.

सांगलीत याहून शंभर वर्षे आधी असेच घडले. कर्नाटकातून आलेल्या मंडळींचे खेळ पाहिल्यावर सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांनी आपल्या आश्रयाला असलेल्या तरुण विष्णुदास भावे यांना तसे मराठीत करून दाखवण्यास सांगितले. मराठीत तसे नाटक त्यापूर्वी कोणी उभे केलेले नसल्याने ‘तुला जमेल’ म्हणायला कोणताही पुरावा हाताशी नव्हता. चिंतामणरावांनी आज्ञेबरोबर आश्रय दिला, आणि ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ‘सीता स्वयंवर’ रंगभूमीवर आले. १८५१ साली चिंतामणराव वारले आणि राजाश्रय संपला, तरी भाव्यांनी मंडळी घेऊन दौरे केले आणि १८५३ साली मुंबईत खेळ केले. दुसऱ्याने दाखवलेली शक्यता तोवर त्यांची स्वतःची झाली होती, असेच म्हणावे लागेल.

कर्मवीर भाऊराव पाटील यांचे काम तर या तत्त्वाचे व्यवस्थेत रूपांतर करणारे आहे. १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था सुरू झाली आणि १९२४ साली तिचे ठाणे साताऱ्यात आले. गावोगाव फिरून ते मुले आणत, सर्व जातींची मुले वसतिगृहात एकत्र राहत, स्वयंपाक आणि कष्टाची कामे स्वतः करत शिकत. पुढे महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहाला छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. मुलांच्या अन्नासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. ‘कमवा आणि शिका’ या योजनेत मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती तिच्यातली मागणी. मुलाला दयेने पोसले जात नव्हते, त्याच्याकडून काम आणि अभ्यास या दोन्हींची अपेक्षा होती, आणि ज्याच्याकडून काहीच मागितले जात नाही त्याला आपल्याविषयी कोणाला आशा आहे असे वाटणे कठीण असते.

‘कौतुक केले तर पोरगे हवेत जाईल’

ही भीती अगदीच निराधार नाही. नेदरलँड्समध्ये एडी ब्रुमेलमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात मुलांनी काढलेल्या चित्रावर काहींना ‘सुंदर चित्र’ असा अभिप्राय मिळाला, तर काहींना ‘अविश्वसनीय सुंदर चित्र’ असा. ज्या मुलांना स्वतःविषयी मुळातच कमीपणा वाटत होता, ती फुगवलेले कौतुक ऐकल्यावर अवघड चित्रे काढायला टाळाटाळ करू लागली. आपण नेमके अशाच मुलांचे कौतुक, बिचाऱ्याला बरे वाटावे म्हणून, अधिक फुगवतो. म्हणजे धोका आहे तो मापाबाहेर सांगण्यात, आणि त्याने मूल चढण्याऐवजी बिचकते.

उलट टीका आणि भरवसा एकत्र देता येतो. डेव्हिड येगर, जेफ्री कोहेन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील सातवीच्या ४४ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला आणि त्याचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. मुलांच्या निबंधांवर शिक्षकांनी नेहमीप्रमाणे चुका दाखवल्या. काही निबंधांना मात्र एक चिठ्ठी जोडली होती आणि तिचा आशय असा होता की माझ्या अपेक्षा उच्च आहेत आणि तू त्या पूर्ण करू शकतोस हे मला ठाऊक आहे, म्हणून या सूचना देत आहे. इतरांना साधी चिठ्ठी होती. साधी चिठ्ठी मिळालेल्या कृष्णवर्णीय मुलांपैकी १७ टक्के मुलांनी निबंध सुधारून पुन्हा दिला, अपेक्षेची चिठ्ठी मिळालेल्यांपैकी ७२ टक्के मुलांनी. प्रयोग लहान आहे, त्यामुळे या आकड्यांना अंतिम मानू नये. परंतु लाल शाईच्या खुणा सगळ्यांना सारख्याच होत्या, आणि त्या कशासाठी केल्या आहेत हे कळल्याने एवढे अंतर पडले, याचा विचार पालक आणि शिक्षक या दोघांनीही करावा.

‘मला चुकीचे दिसले असेल तर?’

चुकीचे दिसू शकते, आणि त्यामुळे फारसे बिघडत नाही, जोवर आपण दिसलेले सांगतो आणि ठरवून टाकत नाही. फलटण तालुक्यातील सरडे गावच्या प्रवीण जाधव याला जिल्हा परिषद शाळेतील शिक्षकांनी धावण्याकडे वळवले. मजुरी करणाऱ्या आईवडिलांचा हा मुलगा पुढे क्रीडा प्रबोधिनीत गेला आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये उतरला तो तिरंदाज म्हणून. शिक्षकांना धावपटू दिसला होता. तरीही त्यांनी पाहिले नसते तर पुढचे दार उघडण्याचा संभव फार कमी होता.

याउलट ‘तू डॉक्टरच होणार’ किंवा ‘आमचा हा पोरगा अधिकारी होणार’ ही वाक्ये क्षमतेविषयी काही सांगत नाहीत, ती मुलाला पद नेमून देतात. नीटच्या शिकवणीसाठी घर सोडणारी आणि स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत विशीची वर्षे घालवणारी कितीतरी मुले असे नेमून दिलेले पद वाहत असतात, आणि परत फिरण्याची वाट त्यांना अपमानाची वाटते. दिसलेली क्षमता सांगताना ती ‘मला असे दिसले’ या शब्दांतच सांगावी, म्हणजे ऐकणाऱ्याला ‘मला तसे वाटत नाही’ म्हणण्याची मोकळीक राहते. ती त्याने वापरली तर आपण रुसता कामा नये.

ज्यांच्याकडे कोणी पाहतच नाही

रोझेंथल यांच्या प्रयोगातील एक निष्कर्ष मला सर्वांत अस्वस्थ करणारा वाटतो. ज्या मुलांची नावे यादीत नव्हती, त्यांच्यापैकीही काहींनी चांगली प्रगती केली, पण शिक्षकांनी अशा मुलांकडे फारसे अनुकूल दृष्टीने पाहिले नाही. ज्याच्याकडून अपेक्षा नसते, त्याने पुढे जाणेही कधी कधी खटकते. आपल्याकडे ही मुले कोण, हे शोधायला लांब जावे लागत नाही. साखर कारखान्याच्या हंगामात ऊस तोडायला आलेल्या आईवडिलांबरोबर कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत राहणारी, त्यांच्यासाठीच्या साखरशाळेत चार महिने बसून परत जाणारी मुले आहेत. धाकट्या भावंडाला सांभाळून शाळेला येणाऱ्या माण, खटाव, जतच्या मुली आहेत. वर्गात कधी त्रास न देणारे आणि म्हणून कोणाच्या लक्षात न राहणारे मूल तर प्रत्येक वर्गात असते. शब्दाचा परिणाम जेथे सर्वाधिक होण्याचा संभव, तेथेच तो सर्वांत कमी वेळा उच्चारला जातो.

हीच स्थिती मोठ्या माणसांचीही आहे. एरिका बूथबी आणि व्हॅनेसा बोन्स यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की समोरच्याला त्याच्यातली चांगली गोष्ट सांगितल्यावर त्याला किती बरे वाटेल, याचा सांगणाऱ्याने केलेला अंदाज प्रत्यक्षापेक्षा कमी असतो, आणि त्याला किती अवघडल्यासारखे होईल, याचा अंदाज जास्त असतो. आपण गप्प राहतो ते बहुधा या चुकीच्या हिशेबामुळे.

समजा, बचत गटाच्या बैठकीत एक वहिनी दरवेळी कोणाचा हप्ता किती राहिला हे वही न उघडता सांगतात, पण बँकेत जायची वेळ आली की मागे राहतात. त्यांना ‘वहिनी, तुम्ही फार हुशार आहात’ म्हटल्यास त्या हसतील आणि विषय तेथेच संपेल. ‘वहिनी, गेल्या दोन बैठकांत वहीतली चूक तुम्ही तोंडी पकडली, हिशेबावर तुमची पकड आमच्यापेक्षा चांगली आहे असे मला दिसते. पुढच्या महिन्यात कर्जाचा अर्ज भरायला तुम्ही चला, मी शेजारी बसते’ असे सांगितले, तर त्यांनी काय केले, त्यातून काय दिसले आणि पुढचे पाऊल कोणते, हे तिन्ही त्यांच्यापर्यंत पोहोचते. पहिल्या खेपेला त्या नाही म्हणतील, कदाचित दुसऱ्या खेपेलाही, आणि तेव्हा आग्रह न वाढवता त्यांच्या नावाची जागा पुढच्या महिन्यासाठी राखून ठेवावी.